टॉरेंट म्हणजे चोरी नव्हे

टॉरेंट वापरणं हाच गुन्हा, तसलं संकेतस्थळ नुसतं उघडलं तरी 3 वर्षं तुरुंग, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. या भीतीला खतपाणी मिळालं 2016 मध्ये. बंद केलेल्या संकेतस्थळांवर झळकणाऱ्या सूचनेत नुसतं पाहणंही शिक्षापात्र असल्याचं म्हटलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या शब्दांवर आक्षेप घेतला. गुन्हा पाहण्यात नाही. परवानगीविना वितरण, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री-भाड्यात आहे, हे त्यांनी स्पष्ट केलं. सूचना घरोघरी पोहोचली, खुलासा मात्र कुणी वाचलाच नाही!

मुळात टॉरेंट ही फाइल पोहोचवण्याची पद्धत आहे. ब्रॅम कोहेन यांनी ती 2001 मध्ये आणली. एका सर्व्हरवर सगळा भार टाकण्याऐवजी फाइलचे, समजा 256 किलोबाइटचे, तुकडे करतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्यानं इतरांना द्यायचा. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला अंकी ठसा, छोट्या टॉरेंट फाइलमध्ये आधीच नोंदलेला असतो. आलेला तुकडा जुळला नाही तर तो फेकून पुन्हा मागवला जातो. म्हणूनच डेबियन, उबुंटू आपल्या संगणक प्रणाली आणि इंटरनेट आर्काइव्ह आपला संग्रह याच मार्गानं उघडपणे देतात. यात चोरी कुठे आहे?

चोरीचे चित्रपट याच वाटेनं येतात, हा आक्षेप खरा आहे. पण कॉपीराइट कायद्याचं 63 वं कलम जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला शिक्षा देतं, तंत्राला नाही. मात्र यातूनच उलटा गैरसमजही खोडावा लागतो. ‘मी फक्त डाउनलोड करतो’ ही सबब इथे टिकत नाही, कारण तुमच्याकडे आलेले तुकडे त्याच वेळी तुमच्या संगणकावरून दुसऱ्यांना जात असतात. म्हणजे चित्रपट घेणारा नकळत वितरकही होतो, आणि न्यायालयानं बोट ठेवलं होतं ते वितरणावरच.

बाकीचे समज थोडक्यात. टॉरेंटमध्ये आपण अदृश्य असतो? नाही, आयपी पत्ता देवाणघेवाणीतल्या सगळ्यांना दिसतो. हॅश जुळला म्हणजे व्हायरस नाही? मूळ फाइलच दूषित असेल तर हॅश दूषित फाइलशीच जुळतो. एकदा टाकलेली फाइल कायम मिळते? पूर्ण प्रत असलेला शेवटचा माणूस निघून गेला की डाउनलोड बहुधा अर्ध्यावरच अडकतं.