तेल बदललं, मासा बदलला

नॉर्वेच्या फिऑर्डमध्ये जाळीच्या पिंजऱ्यांत वाढणाऱ्या सॅल्मनचं खाद्य म्हणजे दिसायला साध्या तपकिरी गोळ्या. गोळी चुरली की बोटं तेलकट होतात, कारण जवळजवळ तिसरा हिस्सा चरबीच असते. आधी गोळी फुगवून सच्छिद्र करतात, मग हवा काढून घेतलेल्या टाकीत तिच्यावर तेल सोडतात. हवा परत आत आली की तेल छिद्रांत शिरतं. हे तेल कोणतं, यावर ताटातल्या तुकड्याचं पोषणमूल्य बरंचसं ठरतं.

१९९० मध्ये नॉर्वेतल्या या खाद्याचा सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, म्हणजे फिशमील आणि माशांचं तेल. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला. पेरूच्या किनाऱ्यावरची अँचोवी हा या तेलाचा मोठा आधार. जगभरात वर्षाला साधारण दहा लाख टन तेल निघतं, एल निनोच्या वर्षी तेही घटतं. मत्स्यशेती मात्र वाढतच गेली. मग तेलाची तूट भरून काढली ती मुख्यतः रेपसीडने, आपल्या मोहरीच्या भाऊबंदाने.

त्याने सॅल्मनची वाढ काही अडली नाही. बदलली ती अंगातली चरबी. ज्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांसाठी डॉक्टर मासे खायला सांगतात, ती मुळात सूक्ष्म शैवालं बनवतात. शैवाल प्लवकांच्या पोटात, प्लवक छोट्या माशांच्या, छोटे मासे मोठ्यांच्या, अशी ती वर चढत जातात. रेपसीडच्या तेलातही ओमेगा-३ असतं, पण आखूड साखळीचं. ती साखळी लांबवण्याची सोय सॅल्मनच्या यकृतात आहे, पण तुटपुंजी. त्यामुळे मांसात वनस्पती तेलाचीच मेदाम्लं साठतात.

स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या शेतीतल्या हजारो सॅल्मनचे नमुने तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. २००६ ते २०१५ या काळात ईपीए-डीएचए निम्म्यावर आलं होतं. आठवड्याचा ३.५ ग्रॅमचा कोटा पूर्वी १३० ग्रॅमच्या एका तुकड्यात भागायचा, आता त्याला दोन लागत होते. तरीही हा सॅल्मन बहुतेक इतर माशांपेक्षा आणि कोणत्याही मटण-चिकनपेक्षा सरसच होता.

म्हणून याला भेसळ म्हणणं मला पटत नाही. मोजकं तेल जास्त माशांत वाटलं गेलं, इतकंच. शिवाय माशांच्या तेलाबरोबर येणारे डायॉक्सिनसारखे विषारी घटकही कमी झाले. खटकतं ते एवढंच, की पाकिटावर ‘ओमेगा-३ युक्त’ असं मोघम छापून भागवलं जातं.

यावर तोडगे आहेत. काढणीआधीचे काही आठवडे माशांच्या तेलाचं खाद्य दिलं, की ईपीए-डीएचए बरंचसं भरून येतं. शैवालं टाकीत वाढवून काढलेलं तेल तर आता बाजारात आहे. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने शैवालातली जनुकं घालून डीएचए देणारा कॅनोला, म्हणजे रेपसीडचाच एक प्रकार, तयार केला आहे.

आपल्या तळ्यातल्या रोहू-कटल्याचं गणित थोडं वेगळं. हे गोड्या पाण्यातले मासे आखूड साखळी लांबवण्यात समुद्री माशांपेक्षा तरबेज. पण त्यासाठी कच्चा माल तर पोटात जायला हवा! भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड या नेहमीच्या खाद्यात तो फारसा नसतो; जवसात मात्र भरपूर असतो.