बोलण्यापेक्षा ऐकणंच महाग

भालकी, औराद, आळंद या पट्ट्यात पावसानं ओढ दिली की तुरीच्या रानात खाली ओल किती उरली, हा ज्याच्या त्याच्या तोंडचा प्रश्न असतो. रानात जागोजागी सेन्सर पुरायचे आणि त्यांनी एकमेकांमार्फत निरोप पोचवत बांधावरच्या गेटवेपर्यंत आकडे आणायचे, हा त्यावरचा एक उपाय. कर्नाटकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठासोबत कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी तो तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड भागात करूनही पाहिला. पण अशा जाळ्यांबद्दल भलतेच समज पसरलेले आहेत.

‘निरोप कमी पाठवले की बॅटरी टिकते,’ हा त्यातला सगळ्यात पक्का. सीसी२४२० ही या कामात खूप वापरली गेलेली रेडिओ चिप घ्या. पूर्ण ताकदीनं निरोप पाठवताना ती १७.४ मिलिअँपिअर वीज खाते. नुसती कान देऊन बसली तर १८.८. कुणी बोलो न बोलो, रेडिओ सतत चालू ठेवला तर २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साडेपाच दिवसांत संपेल. तोच रेडिओ शंभरातला एकच क्षण जागा ठेवला, तर कागदावर तरी दीड वर्ष निघतं. म्हणून शेजारच्या सेन्सरांनी ठरलेल्या वेळी एकदमच जागं होणं, ही खरी बचत.

‘एका सेन्सरवरून दुसऱ्यावर निरोपाच्या उड्या जितक्या छोट्या तितकी वीज कमी’ हे अर्धंच खरं. एमआयटीच्या हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली मांडलेलं गणित करून पाहा. शंभर मीटरवर एक बिट एकाच उडीत न्यायला, पाठवणारा आणि घेणारा दोघांचा खर्च धरून, ११०० नॅनोज्यूल लागतात. तीन उड्यांत साधारण ६३०. आणि दहा उड्यांत? पुन्हा ११००! कारण वाटेतल्या प्रत्येकाला आधी ऐकावं लागतं, मग बोलावं लागतं.

बरं, सगळ्यात स्वस्त वाट रोज वापरावी, तर गेटवेजवळचे सेन्सर सगळ्या रानाचा भार वाहून आधी मरतात आणि मागचे धडधाकट असूनही तुटतात. याच तिघांच्या ‘लीच’ या पद्धतीत सेन्सरांच्या गटाचं मुकादमपण पाळीपाळीनं फिरतं, तेही भार ठरावीक सेन्सरांवरच पडू नये म्हणून.

‘जादा सेन्सर लावले की बिघाडाची चिंता मिटली’ असंही म्हणतात. नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या शेतात शंभरावर सेन्सर लावले होते. हाती आली अवघी दोन टक्के मोजमापं. सॉफ्टवेअरच्या चुका मुबलक होत्या. पिकाचा पालाही रेडिओलहरी अडवतो. पेरणीच्या वेळी उघड्या रानात तपासलेली वाट पुरुषभर वाढलेल्या तुरीत मिळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक सेन्सरला पर्यायी शेजारी माहीत असावा लागतो आणि वाटा हंगामभर तपासत राहाव्या लागतात.

एवढं करूनही एक बिघाड निसटतो. काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग सेन्सरच्या मातीतल्या प्रोबला लागून गेली की मातीऐवजी हवा लागते आणि ओल आहे त्याहून कमी दिसते. रेडिओ ठणठणीत, बॅटरी भरलेली, वाट शाबूत. चुकीचा आकडा वेळेवर गेटवेला पोचतो. शेजारच्या सेन्सरांशी ताडून संशय येऊ शकतो. दुरुस्ती मात्र रानात जाऊनच होते: भेग बुजवून प्रोब पुन्हा घट्ट बसवायचा.