बोलायला किती तास लागतात?

“मॅडम, ह्यांना वाचा कधी येईल?” मिरजेत स्पीच थेरपीचं काम करताना सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. विचारणारी बहुतेकदा बायको असते, कधी सून, कधी जतहून किंवा पलीकडच्या अथणीहून पेशंटला घेऊन आलेला मुलगा. उत्तरात त्यांना तारीख हवी असते, आणि ती मला देता येत नाही. तासांचा हिशेब मात्र थोडाफार देता येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या विषयात जे संशोधन झालं, त्यातलं घरच्या माणसांच्या सगळ्यात उपयोगाचं हेच आहे.

लकवा मेंदूच्या डाव्या बाजूला बसला की बहुधा उजवा हात-पाय लुळा पडतो आणि त्याबरोबर शब्दही अडतात. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर ‘अफेझिया’. तहान लागलेली कळते, तांब्या समोर दिसतो, पण ‘पाणी’ म्हणायला जावं तर तोंडातून ‘चप्पल’ येतं. काहींना दुसऱ्याचं बोलणंही नीट उलगडत नाही. बुद्धी शाबूत असते आणि जिभेचाही यात दोष नसतो. तरी घरोघरी जिभेला मधात उगाळलेलं वेखंड लावलं जातं. फुगे फुगवायला लावणं, मेणबत्ती विझवायला सांगणं हे तर कित्येक क्लिनिकांतही चालतं, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. अशा तोंडाच्या व्यायामांवरच्या अभ्यासांची 2009 साली अमेरिकेत छाननी झाली. त्यांनी बोलणं सुधारतं असं म्हणायला पुरेसा आधार काही सापडला नाही. फुगा फुगवल्याने फुगा फुगतो. बोलणं यायचं तर बोलण्याचाच सराव लागतो.

वाचाघाताच्या अभ्यासाची सुरुवात सांगताना एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात लबॉर्न्य नावाचा एक पेशंट वर्षानुवर्षं पडून होता. काहीही विचारा, तो ‘तान’ म्हणायचा, बहुतेक वेळा दोनदा. त्यामुळे इस्पितळात त्याचं नावच ‘तान’ पडलं. फार चिडला तर मात्र एक शिवी सरळ बाहेर यायची. 1861 साली तो वारला, पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवून दिली. पाठ्यपुस्तकांत तान आहे तो त्या इजेसाठी. मला त्याची शिवी जास्त महत्त्वाची वाटते. ठरवून बोलायचं म्हटलं की वाट बंद, पण सवयीने, रागाने, ओघात येणारं बोलणं वेगळ्या वाटेने येतं, हे तिच्यातून दिसतं.

याचा अनुभव आम्हाला रोज येतो. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे यायचे. ‘सांगली’ एवढं मी म्हटलं की अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर असे थांबे ते एका दमात म्हणायचे, तेही गाडीत पुकारायच्या चालीवर. पण मध्येच थांबवून “काका, आता आपण कुठं उभे आहोत?” असं विचारलं की शब्द गायब. आरती, पाढे, आठवड्याचे वार यांचंही तसंच. घरच्यांना वाटतं, आरती म्हणता येते म्हणजे बोलणं आलंच. तसं नसतं. या वाटेचा उपयोग करून घ्यायचा प्रयत्न बोस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी 1973 साली मांडला. रोजची छोटी वाक्यं सुरात, डाव्या हाताने ताल देत म्हणून घ्यायची आणि हळूहळू सूर काढून टाकायचा. शिकवलेली वाक्यं त्यामुळे सुधारतात. न शिकवलेल्यांपर्यंत हा फायदा पोचेलच याची खात्री नाही. मी ही पद्धत वापरते, पण चमत्काराचे व्हिडिओ दाखवत नाही.

आता तास. झटक्यानंतर सहा महिन्यांत जे आलं ते आलं, पुढे काही होत नाही, असं कित्येक पेशंटना सांगितलं गेलेलं असतं. हा समज मोडणाऱ्या अभ्यासांतला एक 2001 सालचा. जर्मनीत फ्रीडेमान पुल्फरम्युलर आणि सहकाऱ्यांनी जुना वाचाघात असलेले 17 पेशंट घेतले. काहींना रोज तीन तासांहून अधिक याप्रमाणे दहा दिवस थेरपी दिली, बाकीच्यांना साधारण तेवढेच तास, पण कित्येक आठवड्यांवर पसरून. दाट सराव केलेल्यांची प्रगती जास्त झाली. त्यांची पद्धत पत्त्यांच्या खेळाची होती. खेळणाऱ्यांच्या मध्ये आडपडदा, प्रत्येकाकडे चित्रांचे पत्ते, आणि जोडीचा पत्ता हवा असेल तर तोंडाने मागायचा. बोट दाखवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. हा खेळ मी कुकर, छत्री, रिक्षा अशा चित्रांवर खेळवते. मोठी माणसं त्यात लहान मुलांसारखी चिडतात, फसवतातसुद्धा, आणि चिडण्याच्या भरात शब्द निसटून बाहेर येतात.

सतरा हा आकडा लहान आहे. म्हणून 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास मोलाचा. जर्मनीतल्या 19 केंद्रांत कॅटरिना ब्राइटेनश्टाइन यांच्या गटाने 156 पेशंट तपासले, सगळे झटक्याला सहा महिने किंवा अधिक काळ उलटलेले. अर्ध्यांना लगेच तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी मिळाली. उरलेल्यांना तीन आठवडे थांबवलं गेलं. थेरपी घेतलेल्यांचं रोजच्या प्रसंगांतलं बोलणं सुधारलं, थांबलेल्यांचं त्या काळात सुधारलं नाही. पुढे 28 देशांतल्या 5928 पेशंटांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एकूण 20 ते 50 तास थेरपी मिळालेल्यांची प्रगती सर्वांत जास्त दिसली. घरी करायला नेमून दिलेला सराव आणि पेशंटच्या रोजच्या गरजांना धरून बेतलेली थेरपी यांचाही त्या प्रगतीशी संबंध दिसला. हे सगळे संबंध आहेत, सिद्ध झालेली कारणं नव्हेत, असं त्या संशोधकांनी स्वतःच बजावलंय आणि ते मी पेशंटच्या घरच्यांनाही सांगते.

मग झटका आल्याआल्या दणकून तास द्यावेत का? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अभ्यासात 246 पेशंटना अगदी पहिल्या काही दिवसांत थेरपी सुरू केली. काहींना नेहमीएवढी, काहींना त्याहून बरीच जास्त. बारा आठवड्यांनी फरक दिसला नाही. त्यामुळे आयसीयूच्या दारात “स्पीचवाल्यांना आत्ता बोलवा, नाहीतर वेळ निघून जाईल” म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी सांगते, आधी पेशंटला गिळता येतंय का ते बघू द्या. गिळणं तपासणं हेही आमचंच काम, आणि तिथे खरोखर घाई असते.

हे आकडे आपल्याकडच्या ओपीडीशेजारी ठेवून बघा. आठवड्याला अर्धा तास म्हणजे वर्षाला 26 तास. जर्मनीत तीन आठवड्यांत दिले त्याहून कमी. त्यात जतहून यायचं तर सोबतच्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. पेशंट येईनासा झाला की आपण म्हणतो, घरच्यांनी मनावर घेतलं नाही. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं.

मग मोबाइल आहेच की, असं कुणीही म्हणेल. ब्रिटनमध्ये रेबेका पामर यांच्या गटाने 278 पेशंटांवर नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष 2019 साली आले. एका गटाला घरी कॉम्प्युटरवर सहा महिने शब्दांचा सराव, प्रत्येकाने आपापल्या गरजेचे शंभर शब्द निवडलेले. दुसऱ्या गटाला कोड्यांची पुस्तकं आणि अधूनमधून फोन, तिसऱ्याला फक्त नेहमीची थेरपी. कॉम्प्युटरवाल्यांना निवडलेले शब्द चांगले सांगता येऊ लागले. पण गप्पांत मात्र फरक पडला नाही. चित्र पाहून ‘किटली’ म्हणणाऱ्याला चहाच्या टपरीवर चहा मागता येईलच असं नाही. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक निष्कर्ष हाच, आणि ॲप विकणारे तो कधीच सांगत नाहीत.

त्या अभ्यासातून मी शंभर शब्दांची कल्पना मात्र उचलली. तासगावच्या द्राक्षबागायतदाराची यादी ‘छाटणी’, ‘डावणी’, ‘बेदाणा’ इथून सुरू होते. जयसिंगपूरच्या एका आजींच्या यादीत ‘भिशी’, ‘गिरण’, ‘भडंग’ आणि तीन नातवंडांची नावं. कंडक्टरकाकांनी ‘सुट्टे’ वर ठेवलं. पत्ते घेऊन बसायचं ते या शब्दांवर, आणि त्याच आठवड्यात तो शब्द कुणाशी तरी खरोखर वापरायचा. द्राक्षवाल्यांनी औषधाच्या दुकानात फोन लावायचा, आजींनी भिशीच्या बायकांत बसायचं.

चाचण्यांचं काय सांगू! जगभर वापरली जाणारी बोस्टन नेमिंग टेस्ट चित्रं दाखवून नावं विचारते. त्यात इग्लू आहे, प्रेट्झेल आहे, बीव्हर आहे. झटका न आलेल्या किती मिरजकरांना ही नावं सांगता येतील? आणि आमच्या भागातला पेशंट एका भाषेचा नसतोच. माहेर अथणी, सासर मिरज. बहिणीशी कन्नड, मुलांशी मराठी, शेजारणीशी हिंदी. यांतली कुठली आधी परत येणार? तेओद्यूल रिबो 1881 साली म्हणाला, लहानपणीची. आल्बेर पित्र 1895 साली म्हणाला, झटक्याआधी सर्वांत जास्त वापरातली. पुढच्या अभ्यासांत दिसलं की बहुतेकांच्या भाषा बरोबरीनेच सुधारतात. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने 608 पेशंट पाहिले. झटक्यानंतर ज्यांची स्मरण-विचाराची क्षमता शाबूत राहिली, त्यांचं प्रमाण एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत 40.5 टक्के होतं, एकच भाषा बोलणाऱ्यांत 19.6 टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन गटांत फरक आढळला नाही. तेव्हा “आता फक्त मराठीच बोला, गोंधळ होईल” हा सल्ला घरात कुणी देऊ नये.

उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आईबापांना तर उलटंच ऐकवलं जातं: घरात इंग्रजीच बोला, म्हणजे शाळेत अडणार नाही. कॅनडात योहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी 2003 साली भाषेची अडचण असलेली फ्रेंच-इंग्रजी बोलणारी मुलं आणि तशीच अडचण असलेली एकभाषिक मुलं यांची तुलना केली. दोन भाषांमुळे व्याकरणातल्या चुका वाढलेल्या दिसल्या नाहीत. आजीशी मराठीत बोलणारं मूल आजीपासून तोडून काहीच मिळत नाही.

मुलांच्या तोतरेपणाची गोष्ट जरा काळीकुट्ट आहे. 1939 साली अमेरिकेतल्या आयोवात वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली मेरी ट्युडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना, तुम्ही तोतरे आहात, असं पुन्हापुन्हा सांगण्यात आलं. ती मुलं बोलायला घाबरू लागली. हा प्रबंध छापला गेला नाही. 2001 साली एका वृत्तपत्राने तो बाहेर काढला आणि 2007 साली आयोवा राज्याने 9 लाख 25 हजार डॉलर भरपाई देऊन खटला मिटवला. जॉन्सन यांचं म्हणणं होतं की तोतरेपणा आईबापांच्या कानात सुरू होतो. मुलाच्या अडखळण्याकडे लक्षच देऊ नका, हा सल्ला कित्येक वर्षं जगभर दिला गेला, त्याचं मूळ या विचारात आहे.

सिडनीत मार्क ओन्स्लो आणि सहकाऱ्यांनी बेतलेल्या लिडकोम पद्धतीत नेमकं याच्या उलट करतात. रोज थोडा वेळ आई किंवा बाबा मुलाशी बसून बोलतात, न अडखळता बोललं की मोकळेपणाने कौतुक करतात, अडखळलं तर क्वचित, रागे न भरता, तसं सांगतात. थेरपिस्ट आठवड्यातून एकदा भेटून आईबापांनाच शिकवतो. पण यात एक पेच आहे. लहानपणी तोतरं बोलणाऱ्या मुलांपैकी चारातली तीन तरी पुढे आपोआप मोकळी होतात, असं इलिनॉय विद्यापीठातल्या यायरी आणि अँब्रोज यांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. मग श्रेय पद्धतीचं की वयाचं? न्यूझीलंडमध्ये 54 मुलांवर चाचणी झाली, ती यासाठीच. नऊ महिन्यांनी पद्धत वापरलेल्या गटात अडखळणं 77 टक्क्यांनी कमी झालं, न वापरलेल्या गटात 43 टक्क्यांनी. दोन्ही आकडे आईबापांना सांगावेत असं मला वाटतं. पुढे नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर ही पद्धत एका अगदी वेगळ्या पद्धतीशेजारी तपासली. त्या दुसऱ्या पद्धतीत घरातली घाई आणि दडपण कमी करण्यावर भर होता. दीड वर्षाने दोन्ही जवळपास बरोबरीत होत्या. तेव्हा “आमचीच पद्धत खरी” म्हणणाऱ्या क्लिनिकची पाटी बघून भुलू नका. दोन्हींत रोज घरी बसणारं कुणीतरी होतं.

मोठ्यांसाठीही आम्ही आता त्याच दिशेने चाललो आहोत. पहिल्या दिवशी मी एक दोनशेपानी वही घ्यायला सांगते. डाव्या पानावर आजचा सराव किती मिनिटं झाला ते, उजव्या पानावर आज कोणता शब्द कुणाशी खरोखर वापरला ते. दवाखान्यात दर पंधरवड्याला, तेही गटात, म्हणजे एका भाड्यात दोन तास पत्ते होतात. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल, पोराच्या मोबाइलवर, रेंज मिळेल तिथे. डाव्या पानांची बेरीज वीस तास झाली की मी पुन्हा चाचणी घेते. उजवी पानं कोरी असतील, तर शब्दांची यादी बदलते.