यिल्माझ : कायद्याने दिलेलं आडनाव

आडनावांच्या मुलखात : भाग नववा

मेसुत यिल्माझ तीनदा तुर्कस्तानचे पंतप्रधान झाले. त्यांचं घराणं काळ्या समुद्राकाठच्या रिझे प्रांतातलं, चहाच्या मळ्यांच्या मुलखातलं. जेवदेत यिल्माझ २०२३ पासून उपराष्ट्राध्यक्ष आहेत. ते पूर्वेकडच्या डोंगराळ बिंगोलचे, जिथे झाझा आणि कुर्द लोकांची मोठी वस्ती आहे. जेम यिल्माझ हा तुर्कस्तानातला अतिशय लोकप्रिय विनोदी कलाकार जन्माने इस्तंबूलचा, तर फुटबॉलपटू बुराक यिल्माझ भूमध्य समुद्राकाठच्या अंतालियाचा. या चौघांचं एकमेकांशी ना नातं, ना गाव एक. आपल्याला आडनाव ऐकलं की गाव, जात, कधी कधी कुलदैवतापर्यंत अंदाज बांधायची खोड असते. तुर्कस्तानात शिरताना ती वेशीबाहेर ठेवलेली बरी.

यिल्माझ हे आज तुर्कस्तानातलं सर्वाधिक लोकांचं आडनाव. काया (खडक), देमिर (लोखंड), शाहिन (बहिरी ससाणा), चेलिक (पोलाद) ही त्याच्या मागोमाग येणारी. यिल्माझचा अर्थ कच न खाणारा, धीर न सोडणारा. तुर्कीत क्रियापदाला नकाराचा प्रत्यय लावून अशी नावं सहज घडतात : कोर्कमाझ म्हणजे न भिणारा, सोनमेझ म्हणजे न विझणारा, दोनमेझ म्हणजे माघारी न फिरणारा. यिल्माझ हे व्यक्तीचं नावही असतं. ज्याच्या 'योल' या चित्रपटाला १९८२ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो यिल्माझ ग्युनेय हे त्याचं ठळक उदाहरण. त्याचं कागदोपत्री आडनाव मात्र प्युत्युन होतं.

एवढं प्रचंड पसरलेलं आडनाव म्हणजे शतकानुशतकांचं जुनं असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात नव्वद-ब्याण्णव वर्षांपूर्वी कागदोपत्री आडनाव म्हणून ते कुणाकडेच नव्हतं.

ऑटोमन काळात बहुसंख्य मुसलमान प्रजेला आपण म्हणतो तशी आडनावं नव्हती. माणूस ओळखला जायचा बापाच्या नावाने, गावाने, धंद्याने, नाहीतर एखाद्या व्यंगावरून पडलेल्या टोपणनावाने. बड्या घराण्यांना 'झादे' हे शेपूट असे. कोप्र्युल्युझादे ही वजीरांची पिढीजात ओळख होती. बाकी अहमदचा मुलगा मेहमेद, एवढ्यावर भागे. गावात भागत होतं, पण पलटणीत एकाच हाकेला दहा मेहमेद पुढे येत. सातबारा, करवसुली, शाळेचा दाखला, पोलिसांचं वॉरंट या सगळ्याला निश्चित नाव लागतं. १९२३ मध्ये प्रजासत्ताक आलं, १९२७ च्या पहिल्या जनगणनेत १ कोटी ३६ लाख माणसं मोजली गेली, आणि ती कागदावर वेगवेगळी ओळखायची कशी हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला.

२१ जून १९३४ रोजी २५२५ क्रमांकाचा आडनाव कायदा मंजूर झाला. १९३५ च्या जानेवारीत तो लागू झाला आणि जुलै १९३६ पर्यंत प्रत्येक नागरिकाने आडनाव घेऊन नोंदवायचं, असं ठरलं. हुद्दा, टोळी, परकी वंश वा राष्ट्र दाखवणारं आडनाव चालणार नव्हतं. असभ्य किंवा हसं होईल असंही नाही. पाठोपाठ आलेल्या नियमावलीने आर्मेनियन 'यान', स्लाव 'ऑफ' आणि 'विच', ग्रीक 'पुलोस' आणि 'इस', शिवाय 'झादे' या शेवटांनाही मनाई केली. मेहमेद फुआद या इतिहासकाराचं कोप्र्युल्युझादे तेव्हाच कोप्र्युल्यु झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस आणखी एका कायद्याने पाशा, बे, एफेंदी, हाजी, मोल्ला वगैरे बिरुदं सरकारी व्यवहारातून काढून टाकली. मुस्तफा केमालना संसदेने स्वतंत्र कायदा करून 'अतातुर्क' हे आडनाव दिलं, आणि ते दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही असंही ठरवून टाकलं. तेव्हाचे पंतप्रधान इस्मेत पाशा यांना त्यांनी जिंकलेल्या लढायांच्या जागेवरून 'इनोनू' मिळालं. अतातुर्कांची मानसकन्या सबिहा हिला 'गोकचेन' हे आकाशाशी नातं सांगणारं आडनाव १९३४ च्या डिसेंबरात मिळालं. ती वैमानिक झाली ती त्यानंतर.

सामान्यांना मात्र आडनाव सुचवायला अतातुर्क येणार नव्हते. सरकारने तुर्की नावांच्या याद्या छापून वाटल्या. ज्याला सुचेना तो यादीवर बोट ठेवी. मुदतीत न आलेल्यांना नाव देण्याचा अधिकार प्रशासनाकडे होता. एकाच बापाच्या दोन मुलांनी वेगवेगळ्या कचेऱ्यांत जाऊन वेगवेगळी आडनावं नोंदवल्याच्या आठवणी असंख्य घरांत सांगितल्या जातात. मेलतेम त्युर्कोझ या अभ्यासक बाईंनी अशा कौटुंबिक आठवणी गोळा करून त्यावर पुस्तक लिहिलं आहे. कायद्याची कलमं वाचून जे कळत नाही ते या आठवणींतून कळतं : बऱ्याच घरांत आडनाव हे एका दुपारचं काम होतं.

विनोदी लेखक अझीझ नेसिन यांनी या धांदलीची भरपूर टिंगल केली आहे. ते लिहितात की चांगली नावं लोकांनी आधीच पळवली. कंजूष होता त्याने 'उदार' घेतलं, भित्रा होता त्याने 'शूर'. आपल्या वाट्याला मिरवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी नेसिन घेतलं. त्याचा अर्थ 'तू काय आहेस?' असा होतो. टिंगलीत तथ्य आहे. ही आडनावं वंशावळ सांगत नाहीत. १९३४ मध्ये माणसाला आपण कोण असावं असं वाटत होतं, ते सांगतात. आणि ती पिढी कुठली? १९११ ची लिबियाची लढाई, मग बाल्कन युद्धं, मग पहिलं महायुद्ध, मग १९२२ पर्यंत ग्रीकांशी झुंज. सलग अकरा वर्षं लढाई पाहिलेल्या माणसांपुढे यादी ठेवली, तर 'कच न खाणारा' या शब्दावर हजारो बोटं टेकली यात मला तरी नवल वाटत नाही. शिवाय शब्द छोटा, अस्सल तुर्की, कुठल्याही कलमात न अडकणारा. कचेरीतल्या कारकुनालाही सोयीचा.

कलमात न अडकणं हे काहींच्या दृष्टीने फार मोलाचं होतं. टोळीच्या नावांवर बंदी आल्याने कुर्द घराण्यांची जुनी ओळख कागदावरून पुसली गेली. त्यांच्यातही यिल्माझ आले, काया आले, इतकंच काय 'ओझतुर्क', म्हणजे शुद्ध तुर्क, हे आडनाव मिरवणारे कुर्दही आहेत. आगोप मार्तायान हे आर्मेनियन भाषातज्ज्ञ. अतातुर्कांच्या भाषासुधारणेतले बिनीचे शिलेदार. त्यांना 'दिलाचार', म्हणजे भाषा खुली करणारा, हे आडनाव मिळालं. हा सन्मान होता, यात शंका नाही. 'यान' गेलं, हेही तितकंच खरं.

गावात सगळ्यांनी एकच आडनाव घेतलं असेल तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. विरोधी पक्षाचे दीर्घकाळ नेते राहिलेले केमाल किलिचदारोलू यांच्या घराण्याचं आडनाव आधी काराबुलुत होतं. गावात जो तो काराबुलुत. शेवटी १९५० च्या दशकात वडिलांनी ते बदलून घेतलं. ज्या गोंधळावर उपाय म्हणून आडनाव आलं, तोच गोंधळ आडनावाने परत आणला!

स्त्रियांच्या बाबतीत १९३४ चा कायदा रोखठोक होता : आडनाव निवडण्याचा हक्क कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचा. विवाहित स्त्रीने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे ही नागरी संहितेतली सक्ती घटना न्यायालयाने रद्द केली ती थेट २०२३ मध्ये.

आता नकाशा. तुर्कस्तानच्या आत यिल्माझचं बालेकिल्ला म्हणावं असं ठिकाण नाही. ते सर्वदूर आहे आणि जिथे माणसं जास्त तिथे यिल्माझ जास्त. इस्तंबूलची वस्ती १९५० मध्ये दहा लाखांच्या आसपास होती, आज दीड कोटीच्या वर आहे. सिवास, कास्तामोनू, ओर्दू, मालात्या अशा प्रांतांतून लोक आले आणि आपापले यिल्माझ घेऊन आले. आडनावावरून काहीच कळत नसल्याने शहरात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो, गाव कोणतं? इस्तंबूलमध्ये गावकऱ्यांच्या शेकडो संघटना आहेत. लग्नं, अंत्यविधी, निवडणुका त्यांच्यामार्फत चालतात. जे काम आपल्याकडे आडनाव करतं ते तिथे या संघटना करतात.

खरी गंमत सीमेवर आहे. तुर्की भाषा तुर्कस्तानच्या हद्दीवर थांबत नाही. बल्गेरियात, ग्रीसच्या पश्चिम थ्रेसमध्ये, सायप्रसमध्ये, इराकच्या किर्कुकमध्ये तुर्की बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण १९३४ चा कायदा त्यांना लागू नव्हता. म्हणून तिथल्या जुन्या घरांत यिल्माझ विरळ. पश्चिम थ्रेसमधल्या तुर्कांचे नेते होते सादिक अहमत, दोन व्यक्तिनामं लागोपाठ, जुन्या वळणाची. अझरबैजान रशियाच्या छायेत राहिला, तिथे अलियेव आणि मम्मादोव झाले. बल्गेरियात जन्मलेला वेटलिफ्टर नाइम आधी सुलेमानोव होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात कम्युनिस्ट सरकारने तिथल्या तुर्कांवर बल्गेरियन नावं लादली, तेव्हा त्याचं नाउम शालामानोव झालं. १९८६ मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून तो निसटला, तुर्कस्तानला पोहोचला आणि सुलेमानोलू झाला. १९८८ मध्ये सोलला सुवर्णपदक जिंकलं ते याच नावाने. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक बल्गेरियन तुर्क सीमा ओलांडून आले, त्यांनाही नवी आडनावं घ्यावी लागली. म्हणजे यिल्माझचा नकाशा भाषेचा नाही आणि वंशाचाही नाही. तो तुर्कस्तानच्या नागरिकत्वाचा नकाशा आहे. १९३९ मध्ये फ्रेंचांच्या हातून तुर्कस्तानात आलेला हाताय प्रांत त्यात उशिरा सामील झाला, एवढाच अपवाद.

सीमेबाहेरचा मोठा विस्तार कारखान्यांनी केला. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. १९६४ मध्ये ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स, पुढच्या वर्षी फ्रान्स, १९६७ मध्ये स्वीडन आणि ऑस्ट्रेलिया यांनीही तसेच करार केले. इस्तंबूलमधल्या जर्मन कचेरीत दात, छाती, लघवी तपासून पास झालेले तरुण सिर्केजी स्टेशनावरून गाडीत बसत. १९७३ च्या नोव्हेंबरात जर्मनीने भरती बंद केली तोवर साडेआठ लाखांहून जास्त कामगार तिकडे गेले होते. निम्म्याहून अधिक परतले. राहिलेल्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. आज जर्मनीत तुर्की मुळाचे सुमारे तीस लाख लोक आहेत आणि त्यांच्यातही यिल्माझच पहिल्या नंबरावर. ऱ्हूर खोऱ्यातली कोळशाची आणि पोलादाची शहरं, कोलोन, श्टुटगार्ट, बर्लिनचं क्रॉइत्सबेर्ग, सगळीकडे दारावरच्या पाट्यांत हे नाव दिसतं. मात्र दिसताना थोडं बदलतं. तुर्कीत त्यातल्या पहिल्या स्वराच्या अक्षरावर टिंब नसतं, उच्चार अ आणि इ यांच्या अधलामधला. जर्मन नोंदवहीत ते अक्षर नसल्याने टिंब आलं, आणि शेवटच्या झचा जर्मन वळणाने त्स झाला. शाळेच्या हजेरीत मूल 'यिल्मात्स' होतं, घरी परत यिल्माझ.

पाटीवरचं नाव तिथे किती जड जातं, याचं मापही आहे. कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच योग्यतेचे अर्ज जर्मन आणि तुर्की नावांनी पाठवले. तुर्की नावांत यिल्दिझ हे यिल्माझसारखंच घरोघरचं आडनाव होतं. जर्मन नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाली. धीर न सोडणाऱ्यांची परीक्षा तिथेही चुकली नाही.

युरोपात यिल्माझ कुठला, हे आडनावापेक्षा शहर बरं सांगतं. ब्रुसेल्सच्या स्कारबेकमध्ये भेटला तर घर अफ्योन प्रांतातल्या एमिरदाचं असण्याचा संभव मोठा. स्टॉकहोममध्ये भेटला तर कोन्या प्रांतातल्या कुलूचं. एकाने भावाला बोलवायचं, भावाने मेव्हण्याला, आणि बघता बघता अर्धं गाव तिकडे, असं हे स्थलांतर झालं.

मग घराणं शोधायचं कसं? फेब्रुवारी २०१८ मध्ये तुर्की सरकारने ऑटोमन काळापर्यंत मागे जाणारी वंशावळ नागरिकांना ऑनलाइन खुली केली. एवढी झुंबड उडाली की यंत्रणा कोसळली आणि काही दिवस बंद ठेवावी लागली. कित्येकांना आपण बाल्कनमधले, कॉकेशसमधले किंवा आर्मेनियन आजीचे नातू आहोत हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यातले यिल्माझ किती, याची गणती कुणी केलेली नाही. पण आडनावाने जे झाकलं ते गावाच्या आणि पणजोबांच्या नावाने उघडं पडलं. तेव्हा एखाद्या यिल्माझशी ओळख झालीच, तर आडनावावरून पुढे सरकू नका. गाव विचारा, बोलणं आपोआप सुरू होईल.

पुढच्या आठवड्यात याच देशातली दुसरी जात पाहू : 'ओलू'ने संपणारी आडनावं, ज्यांच्यातून गाव आणि घराणं अजूनही डोकावतं.