टकटकीतून सूर

जुन्या इराणमधील राजवाड्यात घडणारा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ साली ‘ॲपल टू’ संगणकासाठी निघाला. खेळ जॉर्डन मेकनर यांचा. संगीत त्यांच्या वडिलांचे, म्हणजे फ्रान्सिस मेकनर या मानसशास्त्रज्ञाचे!

पण या संगणकाचा स्पीकर अगदीच साधा. प्रोसेसरने हुकूम सोडला की पडदा एकदा उलटे आणि ‘टक्’ होई, एवढेच. मग सूर कसा निघाला? विद्यार्थिमित्रहो, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवून पाहा. सावकाश फिरवले तर टकटक, झरकन फिरवले तर सूर! सेकंदाला ४४० कंपने हवी असतील, तर पडदा ८८० वेळा उलटवायचा. म्हणजे दर सुमारे १,१३६ मायक्रोसेकंदांनी. हा काळ मोजायचा तोही प्रोसेसरनेच, सेकंदाला सुमारे दहा लाख ठोक्यांच्या आपल्या गतीने. मोजणीत जरा खंड पडला की सूर बिघडे. मग त्याच वेळी राजपुत्राला पळवायचे कोणी?