वेखंडाचा डबा

निवृत्त होऊन कोकणात गावी परतलो, तेव्हा माझी समजूत अशी होती की, औषधी झाडे लावणे कठीण आणि वाळवणे हा पोरखेळ! वाचकहो, प्रत्यक्षात नेमके उलटे निघाले. अडुळशाची फांदी पावसाळ्यात कुंपणाला खोचली की आपोआप जीव धरते. विहिरीचे पाणी साचते तिथल्या चिखलात वेखंडाचे एक कांडे पुरले, तर दोन वर्षांत त्याने सगळी जागा बळकावली.

तुळशीला मंजिऱ्या येऊ लागल्या तेव्हा सकाळी दव सुकल्यावर ती कापली आणि आश्विनाच्या उन्हात अंगणात पसरली. दोन दिवसांत काळी पडली. ऐंशीच्या घरातल्या आत्याने मूठभर नाकाशी नेली.

"अरे, वास सगळा उन्हाने खाल्ला. टाक गुरांपुढे!"

सुगंध म्हणजे उडून जाणारे तेल, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आत्या पडवीतच शिकली होती. पाला सावलीत, पण वारा खेळेल तिथे विरळ पसरायचा, रोज हलवायचा, चिमटीत चुरा झाला की मगच भरायचा. अडुळशाची पाच किलो पाने सुकून जेमतेम एक किलो उरतात; तेवढे पाणी जायला वेळ नको का?

वेखंडाने मात्र पुरती फजिती केली. कांडी धुऊन, मुळ्या खुडून, तुकडे करून वाळवली. वरून खडखडीत दिसली म्हणून डब्यात भरली. दिवाळीत शेजारीण नातवाच्या बाळगुटीसाठी वेखंड मागायला आली. झाकण काढले, तो बुरशीचा भपकारा! तुकडा मोडून पाहायचा असतो; वाकला तर आत ओल आहे. हे आत्याने सांगितले असणार, मीच ऐकले नसणार. डबा न उघडता तसाच दिला असता तर? त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे वाचनात आले की, भारतीय वेखंडाच्या तेलाने प्रयोगातल्या उंदरांच्या आतड्यांत गाठी झाल्या आणि अमेरिकेने १९६८ साली ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. तेव्हापासून माझे वेखंड कपड्यांच्या ट्रंकेत जाते, कसर लागू नये म्हणून.

गेल्या वर्षी शेजारीण दुसऱ्या नातवासाठी आली. मी नाही म्हटले.

"भाऊ, माझ्या तिन्ही मुली यावरच वाढल्या!" ती फणकारली.

जाताना गवती चहाची जुडी मात्र मागून घेऊन गेली.