रानातले आपले चुलत भाऊबंद

“बाबा, माणूस माकडापासून झाला, असे मुले म्हणतात. मग आदाम आणि एवा यांचे काय?” शाळेतून आलेल्या मुलाने असा प्रश्न केला, म्हणजे अनेक घरांतील वडीलधारी माणसे गोंधळात पडतात. कोणी विज्ञानाला हसतो, कोणी मुलाला दटावतो. आमच्या मते दोन्ही मार्ग बरे नव्हेत. सत्याला भिण्याचे आपणां ख्रिस्ती लोकांस कारण नाही.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू या. आपल्या कौलांवर उड्या मारणारे लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर या दोघांनाही लांब शेपूट असते. चिंपँझीला शेपूट नाही. त्याच्या या पुच्छहीन कुळात आफ्रिकेतील गोरिला, काँगो नदीच्या दक्षिणेस राहणारा बोनोबो, सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील ओरांगउटान आणि चपळ गिबन यांची गणना होते. भारतात या कुळातील केवळ गिबनच आढळतो, आणि तोही आसाम व त्याच्या आसपासच्या ईशान्येकडील अरण्यांत.

या कुळात माणसाला सर्वांत जवळचे कोण? चिंपँझी आणि बोनोबो. प्रत्येक पेशीतील डीएनए म्हणजे जणू देहाचा आराखडा लिहिलेली पोथीच. शास्त्रज्ञांनी २००५ साली चिंपँझीची पोथी माणसाच्या पोथीशी ताडून पाहिली. समोरासमोर जुळणाऱ्या मजकुरात शंभरांमागे सुमारे सव्वा अक्षराचाच फरक आढळला. गाळलेला व वाढलेला मजकूर धरला, तर हा फरक सुमारे ४ टक्क्यांवर जातो. नवल असे की, चिंपँझी गोरिलापेक्षा माणसालाच अधिक जवळचा आहे. दोघांच्या वाटा सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असे शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा माणूस आजच्या चिंपँझीपासून झाला, असे विज्ञानही म्हणत नाही. चुलत भाऊ हा काही आपला आजोबा नव्हे. दोघांचा पूर्वज मात्र एक.

या भाऊबंदांची खरी ओळख जगाला करून दिली ती जेन गुडॉल या इंग्रज बाईंनी. १९६० साली, वयाच्या २६ व्या वर्षी, त्या टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे येथील अरण्यात गेल्या. तेथे त्यांनी एका नर चिंपँझीला वाळवीच्या वारुळात गवताची काडी खुपसून, तिला चिकटलेली वाळवी खाताना पाहिले. कधी तो डहाळीची पाने ओरबाडून अशी काडी स्वतः तयार करी. हत्यार घडविणारा प्राणी तो माणूस, अशी तोवर व्याख्या होती. ती त्या दिवसापासून लंगडी पडली. गुडॉलबाई २०२५ साली, ९१ व्या वर्षी, निवर्तल्या.

गोंबेच्या रानात मायाही दिसली आणि क्रौर्यही. फ्लो नावाची वृद्ध मादी १९७२ साली मेली. तिचा सुमारे आठ वर्षांचा पोर फ्लिंट खाणेपिणे सोडून झुरत राहिला आणि काही आठवड्यांतच गेला. पुढे १९७४ ते १९७८ या काळात, पूर्वी एकत्र नांदलेल्या दोन टोळ्यांत वैर पेटले. एका टोळीने दुसरीचे नर एकामागून एक मारले. हे वाचताना वाचकांस आपल्याच गावची भाऊबंदकी आठवली, तर नवल नाही.

मग माणसाचे वेगळेपण कशात? पवित्र शास्त्र सांगते की, देवाने मनुष्याला मातीतून घडविले आणि त्याच्यात जीवनाचा श्वास फुंकला. ती माती देवाने किती युगे मळली, हे शोधणे विज्ञानाचे काम. पोप बारावे पायस यांनी १९५० सालच्या आपल्या परिपत्रकात मानवी देहाच्या उगमाविषयी अशा संशोधनास व चर्चेस मोकळीक दिली. मात्र आत्मा साक्षात देवच निर्माण करतो, हे ठाम सांगितले. उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ तर्क राहिलेला नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली मान्य केले. तथापि आत्म्याची थोरवी देहाच्या जडणघडणीतून उगवत नाही, हेही बजावले.

भावाचा जाब देवाने काइनास विचारला. कोणा चिंपँझीस नव्हे. चिंपँझी मारतो, पण त्याला पापनिवेदनास जावे लागत नाही. आपल्याला जावे लागते. या उत्तरदायित्वातच मनुष्याची प्रतिष्ठा आहे.

आणि आज तोच प्रश्न आपल्यापुढे पुन्हा उभा आहे. जंगलतोड, मांसासाठी होणारी शिकार आणि रोगराई यांमुळे चिंपँझी नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. पिल्लू विकण्यासाठी पकडायचे, तर बहुधा आधी त्याच्या आईला मारतात. प्रत्येक प्राण्याला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, ही शिकवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीविषयीच्या परिपत्रकात दिली.

म्हणून मुलाने पुन्हा विचारले, तर आईबापांनी निःशंकपणे सांगावे: “बाळ, आपला देह मातीचा आणि रानातल्या जिवांचा सोयरा आहे. आत्मा मात्र देवाने दिला आहे. आणि तो दिला म्हणूनच या सोयऱ्यांची काळजी वाहण्याचे काम आपल्याकडे आले आहे.”